मेळघाटातून येणारे फोन

माझा कोणावर पटकन विश्वास बसत नाही, हे आधीच कबूल करतो. पुढचं वाचताना तेवढं ध्यानात असू द्यावं. मोताळ्याला कापूस खरेदीवर मी तीस वर्षं ग्रेडर होतो. गाडी आली की वरचा कापूस बघायचा नाही, कोपरापर्यंत हात आत घालायचा आणि तळातला मूठभर बाहेर काढायचा, हे माझं काम. वर पांढराशुभ्र आणि खाली पाणी मारलेला माल इतका पाहिला, की माणसांकडेही तसंच बघायची सवय लागली. मुलीसाठी स्थळ पाहायला गेलो तेव्हा मुलाच्या आधी मी त्याच्या शेजाऱ्यांना भेटलो होतो. देवाच्या बाबतीतही फार वेगळं नव्हतं. चिखलीची रेणुकामाता आमच्या घरी पिढ्यांपासून मानतात. चैत्रात मी न चुकता दर्शनाला जातो, पण नारळ कानाशी हलवून मगच घेतो, आणि आईसमोर उभा राहून मनात म्हणतो, बघू बरं यंदा तू काय करतेस ते. ही भक्ती होती की तपासणी, कोण जाणे.

निर्मलाचं, माझ्या बायकोचं, माहेर जळगाव जामोदकडचं. तिच्या अंगणातून उत्तरेला सातपुडा दिसतो. लहानपणी सकाळी दात घासताना, दुपारी शेणानं सारवताना, सदोदित तो निळा डोंगर समोर. पण कधी कोणी तिला वर नेलं नाही. लग्न झालं, मुलगी झाली, माझी नोकरी, सासूचं आजारपण, आणि डोंगर जिथल्या तिथं राहिला. मी निवृत्त झालो त्या दिवशी पेढे खाताना ती म्हणाली, "अहो, मले काही सोनंनाणं नको. त्या डोंगराच्या आत काय हाये ते एकदा पाहू द्या." आयुष्यात तिनं माझ्याकडे एवढंच मागितलं. मला गलबलून आलं, पण तोंडानं मी म्हणालो, "पाहू."

मग मी तयारीला लागलो. एक जुनी मोटार घेतली, तीही तीन वेगवेगळ्या मेकॅनिकना दाखवून. मेळघाटातल्या गुगामळ राष्ट्रीय उद्यानाजवळच्या एका गावात पाहुण्यांसाठी निवास आहे, तिथं आमच्या वर्षानं, म्हणजे मुलीनं, दिवाळीनंतरचे दोन दिवस मोबाइलवरून ठरवून दिले. मी वही केली. मोताळा, नांदुरा, शेगाव, अकोट, अंजनगाव, परतवाडा आणि पुढं घाट. पेट्रोल कुठं भरायचं, स्वच्छ संडास कुठल्या हॉटेलात, कुठून पुढं मोबाइलला रेंज नाही, सगळं त्यात लिहिलं. स्टेपनीची हवा दोनदा तपासली. निर्मलानं मलकापूरहून आयुष्यातले पहिले बूट आणले आणि लुगड्याखाली ते घालून अंगणात चालायचा सराव करायला लागली. शेजारीण हसली तर म्हणाली, "हास तू. मी वाघ पाहून आल्यावर सांगतो तुले."

अशात पहिला फोन आला. अनोळखी नंबर, खरखर आवाज.

"साहेब, निवासावरून बोलून राह्यलो. तुमी दोघं येऊन राह्यले ना? वय काय तुमचं? बाईचं?"

मी उत्तर द्यायच्या आत फोन कटला. आता तुम्हीच सांगा, हल्ली रोज कुणाकुणाला फोनवर गंडवल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यात हा कोण वय विचारणारा? दोन दिवसांनी पुन्हा तोच आवाज, पण नंबर भलताच. "काही बिमारी हाये का? बीपी, शुगर?" पुन्हा कट. मी वर्षाला म्हणालो, हे बुकिंग रद्द कर, ही टोळी दिसते. तिनं चौकशी केली. म्हणाली, "बाबा, तिथं खरंच एक बेठेकर नावाचे देखरेखीला आहेत, तेच करतात म्हणे फोन." माझं समाधान झालं नाही. नाव खरं असलं म्हणून माणूस खरा असतो का? पैसे मागितले असते तर निदान चोर म्हणून ओळखता आलं असतं. हा काही मागतच नव्हता, आणि त्यामुळं मी जास्तच सावध झालो. मी असा हिशोब लावला, की याला आमच्या जागी कुणी ओळखीतला बसवायचा असणार, म्हणून म्हातारपणाची आणि आजाराची भीती घालतो.

तिसरा फोन दिवाळीच्या पाडव्याला आला. तिसराच नंबर. या वेळी त्यानं घाईघाईनं सगळं सांगून टाकलं.

"साहेब, कटून जाईल, आयका. तुमाले, बाईले चढावर जबडा दुखते का? खांदा दुखते का? एक काम करा. आधी त्याईले दोन जिने चढाले लावा अन् वर गेल्याबरोबर फोनवर द्या. मले त्याईचं बोलणं आयकू द्या."

माझं डोकंच फिरलं. परक्या माणसानं माझ्या बायकोला जिना चढवून तिचा श्वास ऐकायचा? "कोण हायेस बे तू?" मी ओरडलो. "डॉक्टर हायेस? लाज नाही वाटत? पुन्हा फोन केला तर पोलिसात देईन!" त्यानं उलटं काही म्हटलं नाही. "रागावू नका, पण चढवून पाहा," एवढंच बोलला आणि पुन्हा ती खरखर.

निर्मला दारात उभी होती. मी तिला सगळं रंगवून सांगितलं, मला वाटलं हसेल. ती हसली नाही. म्हणाली, "जाऊ द्या ना. आपल्याले काय करायचं?" आणि आत गेली. मला तिचं ते वागणं जरा वेगळं वाटलं, पण मी तिकडं लक्ष दिलं नाही. तसं पाहिलं तर दोन महिन्यांपासून ती गच्चीवर कपडे वाळत घालायला जात नव्हती, अंगणातच दोरी बांधली होती. गुडघे दुखतात म्हणाली, मी मान डोलावली. जगात सगळीकडे हात खाली घालून पाहणारा मी, आणि जिथं घालायला हवा होता तिथं वरचाच कापूस पाहून पास करून टाकला.

मी ठरवलं, याला धडा शिकवायचा. बुलढाण्याच्या डॉक्टरकडून शिक्क्याचा कागद आणायचा, की बाई ठणठणीत आहेत, आणि निवासावर पोचल्याबरोबर त्याच्या तोंडावर मारायचा. निर्मला काही केल्या तयार होईना. "काऊन पण? मले काय झालं?" मी म्हणालो, तुला काही नाही झालं, म्हणून तर जायचं. खरं सांगतो, तिच्या तब्येतीचा विचार माझ्या मनात नव्हता. मला फक्त त्या माणसाला खोटं पाडायचं होतं.

डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, ती बरी आली. मी कागद मागितला. ते म्हणाले, डोंगरावर जाताय तर मशीनच्या फिरत्या पट्ट्यावर चालवूनही पाहू. निर्मला तिचे नवे बूट घालूनच आली होती. पट्टा सुरू झाला, थोडा वर उचलला गेला, आणि मी बघत असतानाच तिनं डाव्या हातानं जबडा धरला. डॉक्टरांनी मशीन तिथंच थांबवलं. बाहेर बाकावर बसल्यावर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "दोन महिने झाले, होऊन राह्यलं असं. तुमाले सांगतलं असतं तर तुमी जाणंच बंद केलं असतं." ती म्हणत होती ते शंभर टक्के खरं होतं.

छत्रपती संभाजीनगरला नेलं. हृदयाची मुख्य नळी जवळजवळ बंद होती. त्यांनी ऑपरेशन दुसऱ्याच दिवशी सकाळी ठरवलं. तिथले डॉक्टर मला म्हणाले, "काका, तो घाट तुम्ही चढला असता तर..."

सकाळी तिला आत न्यायच्या आधी सहीचे कागद आले. मी आयुष्यात न वाचता कुठं सही केलेली नाही. चष्मा लावला आणि पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, तिसरीत "मृत्यू" हा शब्द होता. परिचारिका हळूच म्हणाली, "काका, काकूंना आत न्यायचं थांबलंय." मी मान वर केली. ते डॉक्टर कोण, त्यांचा हात कसा, आतली यंत्रं कुणी तपासली, मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं, आणि कळून घ्यायला वेळही नव्हता. त्या क्षणी मला रडू फुटलं. चिखलीची आई डोळ्यांपुढं उभी राहिली. मी म्हणालो, आई, मला यातलं काही समजत नाही. मी फार जोखलं तुला. आता तूच पाहा. उरलेली पानं न वाचता मी सही केली. पुढचे पाच तास मी कुणालाही काही विचारलं नाही. आश्चर्य म्हणजे मला तेव्हा भीती वाटत नव्हती. अंगातून काहीतरी जड ओझं उतरल्यासारखं वाटत होतं.

निर्मला वाचली. तीन महिन्यांनी ती पहिल्यांदा आमच्या गच्चीवर चढली आणि उतरून आल्यावर तिनं पहिलं काय विचारलं, तर "मेळघाटचं काय?" डॉक्टरांची परवानगी घेतली, वर्षानं पुन्हा दिवस ठरवले. मी त्या तीन नंबरांवर फोन केले. एक लागला. तो किराणा दुकानदाराचा निघाला. म्हणाला, "ते बेठेकर? गावात कोनाचाही फोन मागून नेते अन् टेकडीवर जाऊन बोलते. खाली रेंज नाई ना." माझ्या साऱ्या संशयाचं मूळ एवढ्यात संपलं.

होळीच्या आधी आम्ही गेलो. परतवाडा सोडल्यावर घाटात पळस पेटले होते. निर्मला काच खाली करून बसली होती आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. निवासाच्या फाटकाशी एक साठीचा, बारीक, खाकी सदरा घातलेला माणूस उभा होता. मी उतरलो आणि त्याचे हात धरले. माफी मागायची म्हणून पाठ केलेलं सगळं विसरलो. कसंबसं सांगितलं, पाडव्याला पोलिसाची धमकी देणारा तो मीच.

तो गोंधळून बघत राहिला. "कोन्त्या तारखेचे तुमी? मले याद नाई, साहेब. मी त सगळ्याइलेच फोन करतो. पन्नाशीच्या वरचे सगळे."

"पण का?"

त्यानं वर जाणाऱ्या वाटेकडे बोट केलं. मग म्हणाला, "एक मास्तर आले होते. चढावर दोनदा मले म्हणाले, जबडा दुखून राह्यला. मी म्हणलं, पाणी प्या. ते गेले इथंच. त्याईची बाई जीपमंधी त्याईचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तवापासून मी इचारतो. सगळे शिव्या देतात."

"कुणी जिना चढून पाहिला का?"

"आजपर्यंत त कोनी सांगतलं नाई."

मी निर्मलाकडे बोट केलं आणि सगळं सांगितलं, बुलढाण्याचा पट्टा, संभाजीनगर, बंद झालेली नळी. ऐकता ऐकता तो फाटकाला धरून खाली बसला.

याला योगायोग म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं, मी कोणाशी वाद घालणार नाही. मला एवढंच वाटतं, की माझ्याकडे आईला देण्यासारखी श्रद्धा नव्हती, नुसता संशय होता, तर तिनं तोच हातात धरला आणि त्याच्याच जोरावर माझ्या माणसाला डॉक्टरच्या दारात नेऊन उभं केलं. मी तर भांडणासाठी कागद आणायला गेलो होतो. आईचे हे उपकार मी कोणत्या जन्मी फेडू? आता मी तिच्यापुढं उभा राहतो तेव्हा काही मागत नाही आणि काही विचारत नाही.

बेठेकर उठला आणि झोपड्यांकडे तोंड करून त्यानं मोठ्यानं हाक मारली. त्याची बायको हातातलं पीठ झटकत आली. तो तिला त्यांच्या कोरकू बोलीत भराभर काहीतरी सांगत होता, मला एक शब्द समजत नव्हता. ती निर्मलाजवळ आली, पिठाच्या हातांनी तिचे दोन्ही गाल धरले आणि काहीतरी म्हणाली. दोघीही रडत होत्या. ती बाई काय म्हणाली, ते मी विचारलं नाही.