मामांचं जू

“याला हलकं म्हणता तुम्ही? मग जड कशाला म्हणता, शिकागोच्या विमानतळाला?” आमच्या हिचे मामा शॉमबर्ग गावाबाहेरच्या हमरस्त्यावरल्या ट्रेलरच्या दुकानात उभे राहून ओरडत होते, आणि सेल्समन हसतमुखानं ऐकत होता, कारण ओरडणं मराठीत चाललं होतं. मामांची ती पद्धतच होती. राग आधी मातृभाषेत मनसोक्त वापरून घ्यायचा आणि उरलासुरला इंग्रजीला द्यायचा. सेल्समनच्या वाट्याला, “टू हेवी, सर,” एवढंच आलं.

अमेरिकेशी जुळवून घेणारी मराठी माणसं मी पोत्यानं पाहिली आहेत. अमेरिकेनंच आपल्याशी जुळवून घ्यावं म्हणून हट्टाला पेटलेला माणूस मात्र एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या सासुरवाडीत निघाला. मामा मूळचे अमरावतीकडचे. इथे शिकायला आले, गिअर बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून चिकटले, पण इतक्या वर्षांत त्यांनी ना कधी टर्की चाखली, ना घर गरम करायच्या थर्मोस्टॅटला हात लावला. थंडी वाजली की स्वेटर घालण्याऐवजी ते हिवाळ्याला शिव्या घालत, आणि त्या ऐकून एकदा भर फेब्रुवारीत अंगणातला बर्फ वितळलेला मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे.

ट्रेलरही भांडणातूनच आला. मोटेलच्या बाथरूममध्ये हॉट प्लेट लावून वरणभात शिजवणं हे त्या काळी आपल्या सगळ्यांचं सामुदायिक गुपित होतं. बाकीचे दाराच्या फटीला टॉवेल लावून ते पाळायचे. मामांनी टॉवेल लावला नाही आणि वरणावर न थांबता हिरव्या मिरचीचा ठेचा परतायला घेतला. दहा मिनिटांत अख्खं मोटेल पार्किंगमध्ये उभं राहून शिंकत होतं. दोन बंब आले, आणि त्यातला एक जवान, मामांच्या सांगण्याप्रमाणे, ठेच्याची कृती लिहून घेऊन गेला. मॅनेजरनं खोली रिकामी करायला सांगितली. मामांनी किल्ली काउंटरवर ठेवली आणि जाहीर केलं की यापुढे आपलं छप्पर आपल्यामागून चालेल आणि त्याखाली काय परतायचं ते आपण ठरवू. महिन्याभरात एक पिकअप ट्रक आणि पोटात स्वयंपाकघर, पलंग, संडास सगळं घेतलेला एक लांबलचक ट्रेलर त्यांच्या दारात उभा राहिला. त्याचं मागचं टोक शेजाऱ्याच्या गुलाबांत गेलं होतं.

असला ट्रेलर ट्रकच्या बंपरला बांधत नाहीत. ट्रकच्या हौद्यात एक लोखंडी जबडा बसवतात, त्यात ट्रेलरची मान अडकते. त्या जबड्याला इथे फिफ्थ व्हील हिच म्हणतात. मामा जू म्हणत. ट्रेलरबरोबर आलेलं जू बिडाचं, दोनशे पौंडांचं होतं. ते एकदा बसवावं आणि विसरावं असा शहाण्यांचा रिवाज, पण मामांच्या ट्रकचा हौदा त्यांच्या एकट्याचा थोडाच होता? पंचक्रोशीतल्या कुठल्याही मराठी माणसानं घर बदललं, सोफा घेतला, गणपतीचं मखर हलवलं की फोन मामांना. त्यामुळे आज जू काढा, उद्या जू चढवा. एका पुणेकराचा फ्रीज दुसऱ्या मजल्यावर पोचवताना शेवटी मामांची पाठ गेली. ऑपरेशन झालं, आणि पंचवीस पौंडांवर काही उचलायचं नाही असं डॉक्टरनं बजावलं.

पाडव्याच्या पंगतीत त्यांच्या मुलानं विषय काढला. हा मुलगा दातांचा डॉक्टर. दुखरी गोष्ट उपटून टाकावी, हा त्याचा धंदाच. तो म्हणाला, “डॅड, यू कान्ट इव्हन हिच इट. जस्ट सेल इट.” आम्ही लगेच परोपकारी झालो. फोन करा, चौघे येऊन उचलून देऊ, असं सगळ्यांनी सांगून टाकलं. मामांनी श्रीखंडाची वाटी बाजूला सारली.

“ज्याला आपलं जू आपल्या हातानं चढवता येत नाही, त्यानं बैलबंडी ठेवू नये,” ते म्हणाले. “मेच्या अखेरीस, मेमोरियल डेच्या शनिवारी सकाळी आठला या सगळे. जू मी एकटा चढवीन. नाही चढलं तर त्याच दिवशी ट्रेलर विकीन. जावईबुवा, तुम्ही काहून हसता?”

मी हसू गिळलं. मामी पुऱ्या वाढत होत्या. त्या पुण्याच्या, चार फूट अकरा इंच, आणि शब्द केशरासारखे मोजून वापरणाऱ्या. ग्रँड कॅन्यन पाहायचा होता तो त्यांना. ट्रेलर गेला म्हणजे तोही गेला, हे पंगतीत सर्वांना ठाऊक होतं. मामींनी श्रीखंडाची वाटी परत मामांपुढे सरकवली.

म्हणून आम्ही हलकं जू निवडायला त्या दुकानात आलो होतो, आणि मामांच्या काखोटीला घरचा वजनकाटा होता. कॅटलॉगातलं वजन म्हणजे लग्नाच्या जाहिरातीतलं वय, असं त्यांचं मत. त्यांना स्वतःला उचलायची बंदी, म्हणून काट्यावर आधी मी नुसता उभा राही, मग जू कवटाळून. वजाबाकी मामा मोठ्यानं करत, त्यामुळे माझं वजन त्या दुकानात सर्वतोमुखी झालं. दुसरं जू ॲल्युमिनियमचं निघालं, अगदी कडेवर घ्यावं इतकं हलकं. मामा क्षणभर विरघळले. मग त्यांनी चष्मा चढवून त्यावरची पट्टी वाचली. ट्रेलरचा भार त्याला पेलणारा नव्हता. बरेच लोक चालवून घेतात, असं सेल्समन म्हणाला.

“हलकं हवं म्हणजे खोटं हवं असं नाही,” मामा मला म्हणाले. “गिअरचे दात मोडताना मी पाहिले आहेत. ठेवा खाली.”

तिसरं जू मात्र मजबूत होतं आणि खिळी ओढली की दोन तुकडे होत: वरचा जबडा वेगळा, खालचे पाय वेगळे. एकेक तुकडा पंचेचाळीस पौंड. हे पंचवीसपेक्षा जास्त आहे, असं मी सुचवून पाहिलं. पंचवीस हे त्या डॉक्टरच्या पाठीचे पौंड आहेत, असं उत्तर मिळालं आणि जू माझ्याच हातांनी ट्रकमध्ये गेलं.

ठरलेल्या शनिवारी आम्ही सगळे वेळेवर, म्हणजे पावणेनऊला पोचलो. मुलगा ‘विकणे आहे’ची पाटी इंग्रजीत रंगवूनच आला होता. पाहतो तो हौद्यात जू चढलेलं, त्याला ग्रीस चोपडलेलं, आणि मामा बाजूला बसून बशीतून चहा पिताहेत. मुलानं तक्रार केली की कोणी पाहिलं नाही, पुन्हा काढून चढवा. मामा म्हणाले, मी आठ म्हटलं होतं, मंगलाष्टकं संपल्यावर येणाऱ्यांसाठी नवरदेव पुन्हा बोहल्यावर चढत नसतो. मग त्यांनी ट्रक मागे घेतला. खट्ट करून ट्रेलरची मान जबड्यात बसली. मामी डबा मांडीवर घेऊन शेजारी बसल्या आणि ती बंडी पश्चिमेकडे निघाली. मदतीला आलेले आम्ही नऊ धट्टेकट्टे लोक रिकाम्या हातांनी रस्त्यात उभे राहिलो. मुलानं पाटी उलटी करून गाडीत टाकली.

पुढे सहा उन्हाळे ते दोघे असेच जात राहिले. मग मामांची नजर अधू झाली, लांबचं ड्राइव्ह करणं बंद झालं आणि ट्रेलर एका शेतकऱ्यानं नेला. तो नेताना मामा बाहेर आले नाहीत. आत बसून त्यांनी कोणालाही शिव्या दिल्या नाहीत, आणि ते ऐकवेना. मी स्वयंपाकघरात गेलो. काहीतरी बोलायचं म्हणून मामींना विचारलं, इतक्या वेळा ते जू चढवलं-उतरवलं, मामांची पाठ कधी धरली कशी नाही?

मामी कोथिंबीर निवडत होत्या.

“माझी धरायची,” त्या म्हणाल्या.