माझी एका सेकंदात वाचणारी मैत्रीण

हे मी कुणालाही सांगणार नव्हते. खरंच! पण आमच्या आईने अर्ध्या बिल्डिंगला आधीच सांगून टाकलंय, त्यामुळे लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. मग निदान पहिल्यापासून आणि माझ्या तोंडून तरी ऐका. चहा घ्या आणि मध्येच हसू नका. शेवटी हसा.

आम्ही मीरा रोडला सिल्व्हर पार्कात राहतो, चौथ्या मजल्यावर. समोरच्या घरात किंजल राहायची. दोन्ही दारं दिवसभर उघडी. तिच्या चपला आमच्या रॅकवर, माझी सॅक त्यांच्या सोफ्यावर. ती गुजराती, मी मराठी, पण मराठीच्या पेपरात तिला दरवेळी माझ्यापेक्षा एक मार्क जास्त. पाच नाही, दहा नाही, एक! आईला हे अजून सहन झालेलं नाही.

मग तिच्या पप्पांची बदली बडोद्याला झाली.

ते निघाले त्या दिवसाचं आधी सांगते, कारण घोळाची सुरुवात तिथेच आहे. आदल्या संध्याकाळी तिच्या मम्मीने आम्हाला डबाभर थेपले पाठवले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली टेम्पो भरून झाला आणि किंजलने आमची बेल वाजवली. मी काय केलं असेल? बाथरूममध्ये जाऊन कडी लावली! मला चार लोकांसमोर शिंकतासुद्धा येत नाही, रडणं तर लांबच. बाहेर आई सांगत होती, "अगं, ती अंघोळ करतेय." दहा मिनिटांनी परत, "अजून अंघोळच करतेय."

दीड तास अंघोळ केली मी. कोरडी. बाहेर आले तेव्हा समोरच्या दाराला कुलूप होतं.

संध्याकाळी तिचा मेसेज आला, "बाय." त्यावर मी खूप लिहिलं, खूप खोडलं, आणि शेवटी पाठवला अंगठा. नुसता अंगठा! सात वर्षांच्या मैत्रीला!

त्यानंतर तिच्याकडून सणाच्या दिवशी दिव्यांचे, पतंगांचे फोटो यायचे. मीही उलट दिवे, पतंग पाठवायचे. समोर नवे भाडेकरू आले. माणसं चांगली आहेत, पण दार बंद ठेवतात. मी शाळेतून आले की अजूनही आधी त्या दाराकडे बघते आणि मग आमच्या घराची किल्ली काढते.

मला तिला एवढंच सांगायचं होतं, की मी त्या दिवशी खाली का आले नाही. पण ते मेसेजमध्ये लिहायला बोटच उचलत नव्हतं. मग मला आमची वेबसाइट आठवली. शाळेत कम्प्युटरच्या प्रोजेक्टसाठी प्रत्येकाने एक बनवली होती. माझ्या वेबसाइटचं नाव मी बदलून 'समोरचं दार' केलं आणि तिथे लिहायला लागले. एका माणसाला काही सांगायची मला भीती वाटते, पण सगळ्या जगाला सांगायची वाटत नाही. कारण जग वाचत नाही, हे मला माहीत आहे.

पहिला लेख लिहिला आणि लिंक किंजलला पाठवली. उत्तर नाही. आठवडा गेला, तरी नाही.

रविवारी सोनलमावशी आली. ती अंधेरीला एका जाहिरातीच्या ऑफिसात काम करते आणि जेवताना 'रीच', म्हणजे किती लोकांपर्यंत पोचलं, हा शब्द भातासारखा सारखा वाढून घेते. तिने माझा फोन बघितला.

"हे काय? लिंक म्हणजे नुसता करडा चौकोन? याच्यावर कोण बोट ठेवणार?"

"मग काय पाहिजे?"

"प्रिव्ह्यू, बाळा! लिंकसोबत फोटो दिसला पाहिजे. आडवा, मोठा, मधोमध चेहरा, ठळक अक्षरं. लोक आधी फोटो बघतात, मग उघडतात. लेख कितीही चांगला असू दे, दारावर पाटीच नसेल तर आत कोण येणार?"

तिने मला प्रत्येक पानासाठी असा फोटो कसा लावायचा ते शिकवलं. आणि जाता जाता प्रत्येक पानाच्या तळाशी एक छोटा आकडाही बसवून दिला. माझा लॅपटॉप सोडून पान जितक्या वेळा उघडलं जाईल, तितका तो वाढणार. फोटो आणि आकडा, दोन्ही एकाच रविवारी आले. हे लक्षात ठेवा.

सोमवारी मी दुसरा लेख लिहिला. समोरच्या बंद दाराचा फोटो काढला, त्यावर मोठ्या अक्षरांत टाकलं, 'या दारामागे कोण होतं?' फोनवर किंजलचं नाव काढलं, लिंक चिकटवली, खाली झकास प्रिव्ह्यू उमटला, पाठवलं, आणि लॅपटॉपवर आकडा बघितला.

एक!

पाठवून श्वास सोडते न सोडते तोच एक! म्हणजे ती फोन हातात घेऊन माझीच वाट बघत बसली होती की नाही? तुम्हीच सांगा, दुसरं काय समजणार माणूस? आनंदाच्या भरात मी आईने न सांगताच तिच्यासाठी चहा केला.

तिसऱ्या लेखाला आमच्या दोघींचा गॅदरिंगचा फोटो लावला. पण प्रिव्ह्यूमध्ये माझं डोकंच कापलं जायचं. किंजल छान हसतेय आणि शेजारी एक बिनडोकाची मुलगी. फोटो सरकवायचा, लिंक स्वतःलाच पाठवून बघायची, परत सरकवायचा. असं नऊ वेळा केलं तेव्हा कुठे माझं डोकं आत बसलं. मग ती किंजलला पाठवली. शाळेतून येऊन आकडा बघते तर दहा!

"आई! तिने दहा वेळा वाचलं!"

आई भेंडी चिरत होती. "मग एक शब्द का लिहीत नाही?"

"अगं, रडत असेल."

"दहाही वेळा?"

"मनाला लागलं असेल तिच्या."

"मराठीत तिला तुझ्यापेक्षा एक मार्क जास्त असायचा," आई भेंडीकडे बघतच म्हणाली. "तिला एकदा वाचून समजत असेल."

मी दुर्लक्ष केलं. आईला साहित्यातलं काय कळतं?

आता यापुढचं मी डोळे मिटून सांगते. तुम्हीही वाटलं तर मिटा.

चौथा लेख मी अगदी मोठ्या लेखिकेच्या थाटात लिहिला. त्यात हे वाक्य आहे, जसंच्या तसं: 'किंजल, तू माझं लिखाण सेकंदात उघडतेस, दहा-दहा वेळा वाचतेस, हे मला कळतंय. पण इतकी वाट बघत जाऊ नकोस. अभ्यासाकडेही लक्ष दे.'

हो, असं लिहिलं. मी!

आणि प्रिव्ह्यू? तिचा हसरा चेहरा, भोवती लाल वर्तुळ, त्याच्याकडे लाल बाण, आणि खाली पिवळ्या अक्षरांत, 'हे वाचून किंजल रडली!!!' तीन उद्गारचिन्हं. मावशीने एकच सांगितलं होतं.

किंजलला तर पाठवलंच, पण त्या दिवशी अंगात इतकं वारं भरलं होतं, की बिल्डिंगच्या मुलींच्या ग्रुपवरही टाकलं. त्या ग्रुपवर किंजल अजून आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

लेख कुणीही उघडला नाही. फोटो मात्र सगळ्यांनी बघितला.

बी विंगची झारा लिहिते, "किंजल रोई? क्यों? क्या हुआ?"

दुसरी, "ओ गॉड, किंजल, सब ठीक है ना?"

तिसरीने हात जोडलेले पाठवले. का, ते तिलाच माहीत. मग झाराची मम्मी आमच्या आईला लिफ्टमध्ये भेटली आणि म्हणाली, "वो बडौदावाली बच्ची का सुना, बहुत बुरा लगा." आई वर येईपर्यंत किंजलच्या घरी नक्की काय वाईट झालंय यावर तीन मजल्यांवर तीन मतं होती.

आणि मग ग्रुपवर स्वतः किंजल आली.

"मैं कब रोई??"

मी फोन उशीखाली ठेवला. जणू उशीखाली ठेवला की बडोद्यापर्यंत नेट जात नाही. थोड्या वेळाने काढला, तर तिचा मला एकटीला मेसेज. इतक्या महिन्यांनी पहिला, ज्यात दिवे किंवा पतंग नव्हते.

"अगं, तुझं अकाउंट हॅक झालंय का? तुझ्या नंबरवरून सारख्या लिंक येतायत. मम्मी म्हणते, लाल बाणवाले फोटो म्हणजे फ्रॉड, उघडायचं नाही. मी एक पण नाही उघडली. तू पण उघडू नको हां. पासवर्ड बदल."

एक पण नाही!

मग ते एका सेकंदात येणारं कोण होतं? दहा वेळा वाचणारं कोण होतं? मी मावशीला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं, आणि मग तिकडून बराच वेळ नुसता फुसफुस आवाज येत राहिला. हसणं दाबल्यावर येतो तो.

"अगं बाळा, तू लिंक चिकटवतेस तेव्हा खाली तो फोटो कुठून येतो? तुझा फोन गुपचूप पानावर जाऊन घेऊन येतो. पान उघडलं की आकडा वाढला."

"म्हणजे...?"

"म्हणजे तुझी ती पहिली वाचक तुझा फोन आहे. आणि तोही वाचत नाही, नुसता फोटो उचलून पळतो."

म्हणजे मी कुणाला सांगितलं होतं, वाट बघू नकोस, अभ्यासाकडे लक्ष दे म्हणून? बाबांनी वापरून मला दिलेल्या, कोपऱ्यात तडा गेलेल्या फोनला!

दोन दिवस मी काही लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी लिहिलं, पण वर्तुळ, बाण, पिवळी अक्षरं काही नाही. त्यात ती कोरडी अंघोळ लिहिली. अंगठा पाठवायच्या आधी काय काय खोडलं तेही लिहिलं. आणि त्या थेपल्यांच्या डब्याबद्दल लिहिलं. तो डबा माझ्याकडेच राहिला होता. रिकामा परत द्यायचा नसतो म्हणून आईने मला त्यात चिवडा भरून नेऊन द्यायला सांगितलं होतं, पण मी बाथरूममधून बाहेर येईपर्यंत द्यायला समोर कुणी नव्हतं. मग आईला 'अंघोळीआधीच दिला' असं सांगून मी तो कपाटात ठेवला. पहिला महिनाभर झाकण उघडलं की मेथीचा वास यायचा. नंतर कमी झाला. नंतर मी उघडायचंच बंद केलं, आहे तेवढा संपू नये म्हणून.

लेखाच्या शेवटी डब्याचा एक छोटा फोटो टाकला. प्रिव्ह्यूसाठी वेगळा फोटो लावलाच नाही. कशाला लावू? लिंक किंजलला पाठवली आणि फोन टेबलावर पालथा ठेवला.

आता माझ्या फोनला फोटो उचलायची सवय! पानावर तो एकच होता, त्याने तोच उचलला. किंजलच्या स्क्रीनवर काय उमटलं असेल? भलामोठा स्टीलचा डबा, आणि त्याच्या कडेला मशीनने कोरलेलं तिच्या मम्मीचं नाव!

अर्ध्या मिनिटात फोन वाजला. मेसेज नाही, फोन!

"तो आमचा डबा आहे!" किंजल ओरडत होती. "तुझ्याकडे आहे? मम्मीने त्याच्यासाठी टेम्पोवाल्याला किती शिव्या दिल्यात माहितीये?"

मागून तिची मम्मी, "उसको बोल, वो मेरे मायके का डब्बा है!" इकडे आमची आई कमरेवर हात ठेवून, "तू दिला म्हणाली होतीस ना मला?" दोन्ही बाजूंनी आरडाओरडा, आणि मध्ये मी. क्षणभर दोन्ही दारं उघडी असल्यासारखं वाटलं.

मग तिकडे किंजल दुसऱ्या खोलीत गेली असावी. आवाज कमी झाला.

"तू त्या दिवशी खाली का नाही आलीस?"

"ते... लिहिलंय. लिंकमध्ये."

"लिंक नको. तू सांग ना."

"अंघोळ करत होते."

"दीड तास?"

"केस लांब आहेत ना माझे."

ती हसली नाही. "मी खाली टेम्पोजवळून तुमच्या बाथरूमच्या खिडकीकडेच बघत होते," ती म्हणाली. "लाइट पण नव्हता लावलेला तू."

मी फोन ठेवला नाही. तिनेही नाही.

शेवटी तिच्या मम्मीने फोन घेतला. "बेटा, डब्बा कुरियर मत करना हां. हम लेने आएंगे." कधी, ते नक्की सांगितलं नाही. दिवाळीत म्हणाल्या, मग परीक्षेनंतर म्हणाल्या. आईने चिवड्याचे पोहे आणून ठेवलेत. मी रोज मनात म्हणते, यांना कुरियरची आठवण न होवो.

आणि तो लेख? किंजलने उघडलाच नाही. फोटोतच सगळं दिसलं, मग आत कशाला जाईल ती? "वाचते गं, युनिट टेस्ट झाली की," म्हणाली. युनिट टेस्ट होऊन गेली. आकडा एकच होता. तो एक कोण, ते तुम्हाला माहीत आहे.

काल शाळेतून आले, सवयीने बघितलं, तर दोन!

"आई! दोन झाले! तिने वाचलं!"

आई धावत आली. मी आनंदाने उड्या मारत होते. आणि तिसऱ्या उडीला मला आठवलं. सकाळी हा किस्सा तुम्हाला सांगायचा म्हणून ती लिंक मीच माझ्या फोनवर परत चिकटवली होती.

आईने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिला सगळं कळलं.

"तुझाच फोन ना तो?" ती म्हणाली. "मग त्याला एकदा वाचून कुठलं समजायला? दोनदा वाचावंच लागणार."