घासाघासानं आलेलं जेवण

लेकीचं जमत आलं होतं. मुलाकडचे नांदेडचे, त्यांचा होकार अजून यायचा होता. मुलानंच लातूरला दोन्ही घरांचं जेवण ठरवलं. बंगल्यातलं छोटं हॉटेल, एकच लांब टेबल, मेनूकार्ड नाही. शेफ एकेक पदार्थ आणणार, त्याची माहिती सांगणार, मग आपण खायचं. औशाहून निघताना नवऱ्यानं मला बजावलं, "माझ्या शुगरचं त्यांच्यासमोर काढायचं न्हाई. बापाला हाय म्हणल्यावर लेकीलाबी होणार, असं म्हणतेत लोक."

मला ते अजिबात पटलं नव्हतं. पण लग्नात मोडता घालणारी आई व्हायची हिंमत नव्हती, म्हणून गप्प बसले.

आमच्या घरची रीत ठरलेली आहे. मी स्वयंपाकघरातून "वाढलंय" म्हणून ओरडते. ते इन्सुलिन टोचून घेतात आणि हात धुऊन येईपर्यंत समोर भरलेलं ताट असतं. इथं शेफ हात जोडून म्हणाला, "जेवण तयार आहे, बसा." झालं, हे बाथरूमला जाऊन आले आणि माझ्या कानाशी पुटपुटले, "घेतलं." भरल्या ताटाचं इन्सुलिन!

मग पहिली बशी आली. परातीएवढी बशी आणि मधोमध बोराएवढा वडा, वर अंबाडीचं एक पान. एवढ्याशा घासावर ते इन्सुलिन निभणार कसं? शेफ अंबाडीचं गुणगान करून आत गेला तो गेलाच. आता भाकरी येईल, आता भात येईल म्हणून मी दाराकडे डोळे लावून बसले. आलं ते घोटभर वरणाचं पाणी. त्यावरही भाषण झालं.

यांची साखर एकदम उतरली तर तोंडात टाकायला म्हणून एरवी माझ्या पर्समध्ये पेपरमिंटच्या गोळ्या असतातच. त्या दिवशी लेकीनं साडीला शोभेल अशी तळहाताएवढी पर्स हातात दिली होती. तिच्यात रुमाल तेवढा होता.

एसी चालू असताना यांच्या कपाळावर घाम आला. चमचा बशीवर वाजायला लागला. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "रिटायर कधी झालात?" तर हे सोयाबीनबद्दल बोलले. मी उठायला लागले तसा यांनी टेबलाखाली माझा हात घट्ट दाबला. गप्प बस, असा त्याचा अर्थ. मला एवढी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. बोलले तर लेकीचं मोडेल, नाही बोलले तर हा माणूस इथंच आडवा होईल.

तेवढ्यात हे माझ्याकडे वळले आणि अगदी आदरानं म्हणाले, "बाई, औशाची गाडी कुठं लागती हो?"

मी ताडकन उठले. शेफ पुढची बशी हातात घेऊन काहीतरी समजावत होता. "ते राहू द्या!" मी ओरडले. "यांना शुगर हाय, सुई घेतलीय. साखर आणा, आधी साखर!"

साखरेचं पाणी आलं. मी हनुवटी धरून घोट घोट पाजत राहिले. कोण काय म्हणतंय, लेकीचा चेहरा कसा झालाय, मी काही पाहिलं नाही. घोट खाली उतरतोय का, तेवढंच बघत होते.

हळूहळू त्यांच्या नजरेत ओळख आली. आधी ग्लासकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सांगितलंस ना शेवटी?" रोजच्याच चिडक्या आवाजात ते म्हणाले.

"सांगितलं," मी म्हणाले आणि मला रडूच फुटलं. माझ्यावर चिडणारा माझा माणूस परत आला होता.

मुलाच्या वडिलांनी समोरची बशी बाजूला सारली आणि शेफला म्हणाले, "ह्ये एकेक घास पुरे आता. काय असंल ते आणा, अन् आमच्या व्याह्यांचं ताट एकदम वाढा."

'व्याही' सगळ्यांनी ऐकलं. लेकीनं मान खाली घातली. मी मात्र यांचं मनगट धरून बसले होते. ते अजून गारच होतं.