सिस्टरआत्या आणि तीन बर्गर

सिस्टरआत्या बर्गर खायच्या आधी त्याचा वरचा पाव दोन बोटांनी उचलून आत डोकावायची. जखमेवरची पट्टी उचलून पाहतात ना, अगदी तसं. मग नाक जवळ नेऊन वास घ्यायची, पाव जागेवर ठेवायची आणि "चालते" किंवा "नाई चालत" एवढंच म्हणायची. शेजारच्या टेबलावरच्या कॉलेजच्या पोरी हसायच्या. मला मात्र तिचं ते उचलणं पाहून कधी हसू आलं नाही. आत काय निघणार, याची उगाच धास्ती वाटायची.

ती माझ्या वडिलांची मोठी बहीण. अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात तिनं नर्स म्हणून सगळी नोकरी काढली, म्हणून गल्लीत ती सिस्टर आणि आम्हा भाचरांची सिस्टरआत्या. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर बरोबरीच्या बायकांनी भिशी लावली, हिनं बर्गर धरला. वडील चिडवायचे, तर म्हणायची, "वार्डात जलमभर उभ्यानं डबा खाल्ला. आता गादीच्या खुर्चीत, थंड हवेत बसून दुसऱ्यानं केलेलं खाईन." तिथंही ट्रे आपणच काउंटरवरून उचलून आणावा लागतो, हे कळल्यावर मात्र तिनं बराच वेळ तोंड वाकडं केलं होतं.

मी अमरावतीला शाळेत शिकवते. रविवारी ती अकोल्याहून गाडीनं बडनेऱ्याला उतरायची आणि आम्ही जायचो. अमरावतीत मोठ्या कंपन्यांची तीन दुकानं होती; तिनं त्यांची नावं कधी घेतली नाहीत. एक मॉलवालं, एक बसस्टँडवालं, एक हायवेवालं. मॉलवाल्याचा पाव मऊ, पण टिक्की पावात लपून बसलेली. बसस्टँडवाल्याचा मसाला झणझणीत, सॉस मात्र गोडमिट्ट. हायवेवाला महाग, पण कांदा ताजा आणि संडास स्वच्छ. तिच्या निकालात संडासाला चवीइतकेच मार्क असत. एक खुर्ची जरा डुगडुगली म्हणून बसस्टँडवाला महिनाभर तिच्या मनातून उतरला होता.

मॉलवाल्याची एक शाखा अकोल्यातही होती. आज अकोल्यात खाल्लेला आणि उद्या अमरावतीत खाल्लेला बर्गर चवीला तंतोतंत सारखा, याचं तिला कौतुकही वाटे आणि ते तिला खटकतही असे. "माणसाच्या हातचं असतं त फरक पडला असता," ती म्हणायची. "माह्या हातची भाजी बी दोन दिवस सारखी होत नाई. हे असं काहून होते?"

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी मॉलमध्ये तिनं पाव उचलला, वास घेतला आणि बर्गर दूर सारला. जळाल्यासारखा वास येतो म्हणाली. काउंटरवरच्या मुलीनं दुसरा करून दिला. त्यालाही तोच वास. मी चाखून पाहिला, तर नेहमीसारखाच होता. तेल जुनं असेल, असं काहीतरी बोलून मी विषय संपवला. दोन-चार दिवसांनी तिचा फोन आला. अकोल्याच्या शाखेत जाऊन आली होती. तिथंही तोच वास. माझ्या शाळेचं विचारलं आणि फोन ठेवला.

पुढच्या भेटीत मी पहिल्यांदा घाबरले. आम्ही मॉलमध्ये बसलो होतो, खाणं अजून काउंटरवरून आणलं नव्हतं. मी काहीतरी सांगत होते आणि पाहिलं, तर सिस्टरआत्या चावत होती. तोंड रिकामं, नजर माझ्या खांद्यापलीकडे, हातात सॉसची पुडी तशीच धरलेली. मी हाक मारली, तरी तिला ऐकू गेली नाही. थोड्या वेळानं ती परत आली. 'परत आली' असंच म्हणावं लागेल. पुडीकडे पाहून म्हणाली, "काय म्हणत होती तू?"

मग एके दिवशी ती दुपारीच माझ्या घरी आली आणि तिन्ही दुकानांतून साधा आलू टिक्की बर्गर मागवायला लावला. तिन्ही वेष्टनं काढून तिनं ते टेबलावर ओळीनं मांडले. एकेकाचा पाव उचलला, एकेकाचा वास घेतला. घरात पंखा फिरत होता, तेवढाच आवाज.

"तुले येते का वास?"

मी तिन्ही हुंगून पाहिले. तळणाचा, कांद्याचा, मेयोनीजचा वास होता. नाही म्हणाले.

"तीन कंपन्यांची तेलं येगयेगळी, मसाले येगयेगळे," ती म्हणाली. "तिन्हीले जळल्या रबराचा एकच वास कसा येईन?" हे ती मला विचारत नव्हती. वार्डात डॉक्टर यायच्या आधी पेशंटच्या नाडीवर बोट ठेवून उभी राहात असेल, तशी ती त्या टेबलाशी उभी होती. मग तिनं तिन्ही बर्गर पुन्हा कागदात गुंडाळले, हात धुतले आणि चहा ठेव म्हणाली.

मी डॉक्टरकडे चल म्हणून मागे लागले. वडिलांनाही सांगितलं. ती सगळ्यांना हो म्हणायची आणि जायची नाही. एकदा मी फारच हट्ट धरला, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "त्याले नाव ठेवलं का मंग ते घरातच राहाले येते. थांब थोडं."

ती थांबली, पण ते थांबलं नाही. पावसाळा सरता सरता आम्ही हायवेवाल्याकडे गेलो होतो. दुपारची वेळ, दुकान भरलेलं, एका कोपऱ्यात कुणाचा तरी वाढदिवस चाललेला. तिनं पाव उचलला, पण वास घ्यायला वाकली नाही. पाव ठेवला, चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि रोजच्या आवाजात म्हणाली, "आता वास लय जोरात येऊन राहिला. पाह्य, घाबरू नको. मी पडलो का मले कुशीवर कर. तोंडात काही घालू नको, हातपाय दाबू नको. लोकाइले दूर ठेव. थांबते ते आपोआप."

तिचं बोलणं जेमतेम संपलं आणि ती खुर्चीवरून घसरली. तिनं सांगितलं तसं मी केलं. लोक धावले, कुणी चमचा आणला, कुणी कांदा नाकाशी धरा म्हणालं, मी सगळ्यांना मागे सारत राहिले. तिचं शरीर फरशीवर आपटत होतं आणि कोपऱ्यात वाढदिवसाचं गाणं अर्ध्यावर थांबलं होतं. ते सगळं थांबल्यावर तिनं डोळे उघडले, तेव्हा तिला माझं नाव सांगता येईना.

नागपूरला तपासण्या झाल्या. मेंदूत गाठ होती, आणि सगळी काढता येणार नाही अशा जागी होती. रेडिएशनचे शेक घेतले, गोळ्या सुरू झाल्या. वास गेला, पण हळूहळू चवही गेली आणि उजव्या हातातली ताकदही. परतीच्या गाडीत मी तिला विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं. त्या दिवशी तुझ्या टेबलावर, ती म्हणाली. मग एवढे दिवस का घालवले, असं मी विचारल्यावर ती खिडकीबाहेर पाहात राहिली. बडनेरा मागे पडल्यावर म्हणाली, "दवाखान्यात गेलो का मी पेशंट. मले थोडे दिवस आत्या राहाचं होतं." मला राग आला होता, आणि तो तिच्यावर काढावा अशी ती आता राहिली नव्हती.

शेवटचे दिवस तिनं अकोल्याला स्वतःच्या घरी काढले. तिच्या जुन्या वार्डातल्या एक निवृत्त सिस्टर, कांबळेबाई, रोज यायच्या. मी शाळेला रजा टाकून तिथंच होते. त्या दुपारी तिचा श्वास बदलला होता. मला ते कळलं नाही. त्या दोघी सिस्टरांना कळलं असावं, कारण त्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि कांबळेबाईंनी खुर्ची खाटेजवळ ओढली. आत्यानं मला जवळ बोलावलं. कोपऱ्यावरच्या टपरीतून चहा आण म्हणाली. घरात करते म्हटलं, तर नको म्हणाली.

"तिथलाच आण. अन् सावकाश ये. पळत येऊ नको."

मी थर्मास घेऊन निघाले. टपरीवर दूध नुकतंच चढवलं होतं, म्हणून उकळी येईपर्यंत उभी राहिले. परत आले तेव्हा कांबळेबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातातला थर्मास घेतला, आणि मला आत जायला वाट करून दिली.