खांबेट्यांची स्कॉटिश आय

अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या पुरुषोत्तम खांबेट्यांना तिथल्या महाराष्ट्र मंडळाचं अध्यक्ष व्हायचं होतं, पण दाखवायला कर्तृत्व नव्हतं. ते त्यांना १९८६ च्या मार्चमध्ये गाडीच्या रेडिओवर सापडलं. कॉलेजच्या स्टेशनवर कुठल्याशा स्कॉटिश पोरांचा बँड गात होता, आणि धृपदात चक्क 'आय, आय, आय' असा टाहो!

"अगं शरयू, आय! अस्सल गावरान मराठी!" खांबेटे बायकोला म्हणाले. "यांचा आजा साताऱ्याला गोरा साहेब असणार."

झालं! स्वतःच रचलेला हा इतिहास गृहस्थांनी मंडळाच्या पत्रकात छापला आणि घरोघर फोन करून सगळ्यांना त्या गाण्याची फर्माईश करायला लावली. चांगले शिकलेसवरलेले डॉक्टरसुद्धा क्लिनिकमधून स्टेशनला फोन लावू लागले. आठवड्यातून एकदा वाजणारं गाणं दिवसातून सहादा वाजू लागलं आणि स्टेशनच्या यादीत पहिलं आलं.

निवडणुकीच्या आदल्या दिवशी खांबेट्यांनी स्टेशनला फोन लावून थेट रेडिओवरच निवेदिकेला विचारलं, "हे गाणं कुणाच्या आईवर लिहिलंय?" अख्खं मंडळ कान लावून बसलं होतं.

"आई कुठून आली, सर?" ती खिदळली. "स्कॉटलंडमध्ये 'आय' म्हणजे 'होय'."

दुसऱ्या दिवशी सभेत सचिव गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "खांबेट्यांना पाठिंबा असेल त्यांनी 'आय' म्हणावं." हसण्याशिवाय काही ऐकू येईना. शेवटी शरयूकाकूच कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आई गं!"

सचिवांनी ते मत बाद धरलं.