माझ्या गळ्यातले घट्टे

शाळा माझी चौथीतच सुटली. गाणं तर कोणी शिकवलंच नाही, ओरडणं मात्र फॅक्टरीनं शिकवलं. मशीनच्या आवाजात शेजारच्याले पाना मागायचा तरी गळा फाडा लागे. तोच गळा घेऊन मी बुद्धविहारात गाऊ लागलो अन् आमच्या गायन पार्टीचा मुख्य गायक झालो. पेटीवाला भैया म्हणे, काळी दोनमधून गा, ती तुझ्या गळ्याची पट्टी आहे. मी म्हणो, काळी पाच. पट्टी जेवढी वर तेवढा गवई मोठा, एवढंच माझं संगीताचं ज्ञान. कपाळाच्या शिरा फुगल्या की मले वाटे, आज जमून राहिलं.

मग सिहोऱ्याच्या कार्यक्रमात दुसऱ्याच गाण्यात वर गेलो अन् आवाज गेला. तोंड उघडं, हात वर, आतून नुसती हवा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, मले भरून आलं. मीही तसंच तोंड केलं अन् खाली बसलो. परत येताना बसमध्ये पाणी मागायले गेलो तर तेवढाही शब्द निघेना. तेव्हा घाबरलो.

डॉक्टरनं नाकातून दुर्बीण घातली. म्हणे, "जूता काटता है तो पैर में घट्टा पड़ता है न? वैसे ही आपकी आवाज़ पर पड़ गए हैं।" दोन आठवडे एक शब्द बोलायचा नाही, खाकरायचं नाही, पाणी पीत राहायचं. नाही ऐकलं तर आवाज कायमचा असाच राहील. बायको म्हणे, पर्चीवर दोन आठवडे काहून लिहिलं, जन्मभराचं लिहून घ्या.

पण माझ्या मायले दिसत नाही. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. मी घरात आहो का नाही, जेवलो का नाही, रागात आहो का, सगळं ती आवाजावरून ओळखते. बायकोनं तिले समजावून सांगतलं. माय हो म्हणे, अन् घडीभरानं हवेत हात फिरवून विचारे, "बाबू, आहेस का रे?" मी जाऊन तिचा हात दाबो. हात तर कोणीही दाबते, म्हणे.

तिसऱ्या दिवशी ती जेवली नाही. मुलगा नाराज आहे, माझ्याशी बोलत नाही, हेच धरून बसली. मग मी तिच्या कानाशी जाऊन कुजबुजलो, "माय, मी आहो." ती दोन पोळ्या जेवली. मले वाटलं, आवाजच काढला नाही तर ते बोलणं थोडीच झालं. डॉक्टरले चांगलं फसवलं म्हणून खूशही झालो. मग रोज सकाळ-संध्याकाळ तिच्या कानात कुजबुज.

दोन आठवड्यांनी डॉक्टरनं पाहिलं अन् चष्मा काढून ठेवला. सूज वाढली होती. कुजबुजण्यानं गळा आणखी आवळते, हे त्यानं पहिल्याच दिवशी सांगतलं होतं. तेव्हा मी मान हलवण्यात गुंग होतो. "किससे बात करते थे?" त्यानं विचारलं. मी खाली पाहिलं. पन्नाशी उलटलेला माणूस, मायशी बोलत होतो म्हणायची लाज वाटली. बायकोनं सांगतलं. डॉक्टरनं पर्ची ओढली अन् नवे दिवस लिहिले.

मग आणखी काही दिवस कुजबुजही न करता चूप राहिलो, अन् गळ्याचे व्यायाम शिकवणाऱ्या एका दीदीकडे जाऊ लागलो. तिनं मले ग्लासातल्या पाण्यात नळी टाकून "ऊऊ" करत बुडबुडे काढायले लावले. काळी पाचचा गवई बुडबुडे काढून राहिला अन् माय आतून विचारते, काय शिजून राहिलं. दीदीनं सांगतलं, श्वास पोटातून घ्या, खांदे सैल सोडा, जोर लावू नका. अन् हेही सांगतलं की वरचे सूर आता विसरा. पार्टीनं दुसरा गायक घेतला. मले काही वाटलं नाही, असं मी सगळ्यांना सांगतो.

बोलायची परवानगी मिळाली त्या दुपारी मायजवळ बसलो. "माय," म्हटलं. आवाज खालचा, जाड. तिनं मान वळवली.

"कोण आहे?"

परत म्हटलं, हळूच, जोर न लावता. तिनं हात पुढं करून माझा गळा चाचपला.

"असाच बोलत जा ना मग, बाबू," म्हणे.

मग मी बुद्धवंदनेतलं त्रिशरण म्हणू लागलो, अगदी खाली, बोलल्यासारखं. दुसऱ्या ओळीले माय माझ्यासंग म्हणू लागली. इतक्या वर्षांत मी तिचा तो आवाज ऐकलाच नव्हता. विचारलं, विहारात काहून म्हणत नव्हती?

"म्हणत होती ना. तू एवढ्या जोरात म्हणत राहे, मलेच माझं ऐकू येत नव्हतं. मग नुसते ओठ हलवो."

अन् पुढची ओळ तिनं धरली. मी तिच्या मागून म्हटली.