जुनं म्हणवून घ्यायला तयार नसलेलं मशीन

मुलांनो, तुमच्या पत्रात वाचलं की संगणकावरची जकात उठवावी की नाही यावर देशोदेशीचे शहाणे लोक वर्षानुवर्षं बसून बोलतात, आणि संगणकाबरोबर परदेशी जाणाऱ्या माणसाच्या कामावर जकात घ्यावी का हेही त्यांना ठरवता येत नाही. आमच्याकडे हा प्रश्न एका दुपारी सुटला होता. कसा, ते क्रमाने सांगते.

तेव्हा आपल्या वऱ्हाडाचा कारभार मध्यप्रांताबरोबर चालायचा आणि मेहकरच्या पलीकडे मोगलाई, म्हणजे हैदराबादचं राज्य, सुरू व्हायचं. हद्दीच्या नाल्यावर जकातीचा नाका होता. घरातली वापरती वस्तू तशीच सोडत, नव्या वस्तूवर महसूल घेत. माझी धाकटी मावशी लग्नानंतर मोगलाईत सासरी निघाली होती आणि तिच्याबरोबर तिचं हाताने फिरवायचं शिवणाचं मशीन होतं. सासऱ्यांनी निरोप पाठवला होता, ‘मशीन आणा, पण महसूल पडला तर आल्या गाडीने परत धाडा.’ मावशीचा जीव त्या मशीनमध्ये होता. विलायतेहून आगबोटीने आणि नांदुऱ्यापर्यंत रेल्वेने ते बिनतक्रार आलं होतं. आता प्रश्न एका नाल्यापुरता होता.

मशीन मावशी परकरात होती तेव्हापासूनचं. पण ती ते रोज तेल लावून पुसायची, त्यामुळे दुकानातल्यासारखं झळकायचं. तिला पोचवायला माझी आई आणि मीही बैलगाडीत होतो. निघताना आई म्हणाली, “थोडी राख फास त्याले.”

“माह्या मशीनले राख? त्यापरिस मलेच फास!”

नाक्यावरचे मुन्शी वयस्क आणि फार अदबशीर होते. त्यांनी मशीनवरचं फडकं उचललं. “बाईजी, ये तो नई है.”

“जुनं हाय जी.”

“पुरानी चीज़ ऐसी चमकती है?”

मावशीचा चेहरा खुलला. “रोज पुसतो ना मी! एक ओरखडा दाखवा बरं!”

आईने कपाळाला हात लावला.

“नई है, महसूल लगेगा,” मुन्शी म्हणाले.

“आन् मले शिवता येते, त्याच्यावर?”

“हाथ के हुनर पर कुछ नहीं. महसूल मशीन पर है.”

“मंग हात सासरी नेऊ अन् मशीन तुमच्यापाशी ठेवू का?”

मुन्शींना हसू आलं, पण नियम सुटेना. ते वळले तेव्हा मावशीला दिसलं की त्यांचा पायजमा मागून बाभळीच्या काट्याने चांगला वीतभर फाटला आहे. ती म्हणाली, “मुन्शीजी, नवं मशीन अडखळते. हे कसं चालते ते पाहा. द्या तो पायजमा.”

पुष्कळ आढेवेढे घेऊन मुन्शी खोलीत गेले आणि दाराच्या फटीतून पायजमा बाहेर आला. मावशीने गाडीतच मशीन मांडलं. टीप अर्ध्यावर आली असेल, तोच रस्त्यावर घोड्याच्या टापा वाजल्या. मोठे साहेब तपासणीला येत होते.

“बाईजी, जल्दी!” दाराआडून आवाज आला.

मावशीचा हात थांबला. “मशीन नवं का जुनं?”

“पुरानी! पुरानी!”

“किती जुनं?”

“मेरी दादी के वक़्त की!”

“एवढंबी जुनं नाही हो!” मावशी उसळली.

“गप बस ना माय!” म्हणत आईने स्वतःच मशीनची मूठ फिरवली. टीप थोडी वाकडी गेली. पायजमा आत गेला आणि मुन्शी नाडी बांधत, सलाम करत साहेबांसमोर उभे राहिले.

साहेबांनी मशीन पाहिलं. “ये क्या है?”

“घर का पुराना सामान, हुज़ूर.”

“पुराना? इतना साफ़?”

मावशीने तोंड उघडलं. आईने शिदोरीतला अख्खा लाडू त्यात कोंबला. साहेबांनी मान हलवली आणि आमची गाडी नाल्यात उतरली.

पलीकडचं गाव लागेपर्यंत मावशी तोंड फुगवून मशीन पुसत बसली. लाडू केव्हाच संपला होता. शेवटी आई म्हणाली, “आता काय झालं? आलं ना तुहं मशीन?”

“आलं,” मावशी म्हणाली, “पण जुनं म्हणून आलं.”